कर कुठे वसूल होतो ते बघा: अमेरिकन वसाहतींतले करविरोधक, 1761 ते 1775

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या तेरा वसाहतींत ब्रिटिश सत्तेला आणि करांना विरोध करणारे प्रमुख नेते कोण, प्रत्येकाने नेमकं काय केलं, कर खरंच इतके जाचक होते का, आणि बोस्टनला समुद्रात फेकलेल्या चहाचा हिंदुस्थानशी काही संबंध होता का?

नावं एका दमात सांगता येतात. जेम्स ओटिस, सॅम्युअल ॲडम्स, जॉन ॲडम्स, जॉन हॅनकॉक, पॅट्रिक हेन्री, जॉन डिकिन्सन, बेंजामिन फ्रँकलिन, जॉर्ज मेसन, ख्रिस्तोफर गॅड्सडेन. पण अशी यादी पाठ केली की सगळे एकाच साच्यातले देशभक्त वाटायला लागतात. ही माणसं नीट लावायची असतील तर दर वेळी एक गोष्ट तपासावी: त्या वर्षी आलेला कर कुठे आणि कोणाच्या हातून वसूल होणार होता? विरोध त्या जागेवर झाला. जागा बदलली की डावपेच बदलले आणि पुढे येणारा माणूसही बदलला.

आधी जाचाचं बघू. फ्रान्सशी झालेल्या सात वर्षांच्या युद्धानंतर ब्रिटनच्या डोक्यावर सुमारे 13 कोटी पौंडांचं कर्ज होतं, आणि अमेरिकेत दहा हजारांच्या आसपास फौज ठेवायची होती. तिच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा, असा पंतप्रधान ग्रेनव्हिलचा हिशेब होता. त्याने 1764 मध्ये मळीवरची जकात गॅलनला 6 पेन्सवरून 3 पेन्सवर आणली, म्हणजे निम्मी केली. तरी व्यापारी खवळले, कारण 6 पेन्स कोणी भरतच नव्हतं. जकात अधिकाऱ्याच्या हातावर थोडंफार ठेवलं की माल सुटायचा. 3 पेन्स मात्र खरोखर वसूल करायचे होते. त्यासाठी दूरच्या नोव्हा स्कोशियातल्या हॅलिफॅक्सला आरमारी न्यायालय बसवलं. तिथे ज्यूरी नाही, आणि पकडलेला माल चोरटा नाही हे मालकानेच सिद्ध करायचं. बोस्टनच्या व्यापाऱ्याने पुराव्यानिशी हॅलिफॅक्सला जायचं म्हणजे खटला जिंकूनही तो बुडालाच. तेव्हा दर बघून जाच मोजू नये, वसुलीची यंत्रणा बघावी.

हे सगळ्यात आधी ओळखलं जेम्स ओटिसने. ‘रिट ऑफ असिस्टन्स’ म्हणजे जकात अधिकाऱ्याला मिळणारं झडतीचं सरसकट वॉरंट. कोणाचं घर, कोणता माल, कशाचा संशय, काहीच लिहायची गरज नाही. राजा दुसरा जॉर्ज ऑक्टोबर 1760 मध्ये वारला आणि जुनी वॉरंटं सहा महिन्यांत रद्द होणार होती. नवी द्यायची की नाही यावर फेब्रुवारी 1761 मध्ये बोस्टनला सुनावणी झाली, तेव्हा ओटिसने व्यापाऱ्यांची बाजू मांडली. निकाल विरोधात गेला. पण घटनेच्या मूळ तत्त्वाविरुद्ध जाणारा संसदेचा कायदा कायदाच नव्हे, हा त्याचा मुद्दा तरुण वकिलांच्या डोक्यात बसला. ऐकणाऱ्यांत जॉन ॲडम्स होता. त्या भाषणाबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते बरंचसं त्याच्या टिपणांतून आणि म्हातारपणीच्या आठवणींतून आलेलं आहे. पुढे 1769 मध्ये एका जकात आयुक्ताशी झालेल्या मारामारीत ओटिसच्या डोक्याला जबर मार बसला. आधीच डळमळीत असलेलं त्याचं मन नंतर सावरलं नाही, आणि ऐन लढ्याच्या वेळी तो बाजूला पडला.

मुद्रांक कायदा 22 मार्च 1765 रोजी संमत झाला आणि 1 नोव्हेंबरपासून लागू व्हायचा होता. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, पूर्ण तावाला एक पेनी, पत्त्यांच्या जोडाला 1 शिलिंग, फाशांच्या जोडीला 10 शिलिंग, जाहिरातीला 2 शिलिंग, महाविद्यालयाच्या पदवीपत्राला 2 पौंड, वकिलीच्या सनदेला 10 पौंड. पैसे स्टर्लिंगमध्ये भरायचे, आणि वसाहतींत नाण्यांची कायमची टंचाई. करपात्र मंडळी बघा: वकील, छापखानेवाले, खानावळवाले, व्यापारी. ज्यांना बोलता येतं, लिहिता येतं आणि ज्यांच्या दुकानात चार माणसं जमतात, नेमक्या त्यांनाच एका कायद्यात डिवचलं. इतकी वाईट निवड शोधून सापडणार नाही.

या कराची कमकुवत जागा उघडी होती. छापील मुद्रांकित कागद लंडनहून येणार आणि प्रत्येक वसाहतीत एक नेमलेला वितरक तो विकणार. वितरकच नसेल तर कागद नाही, आणि कागद नाही तर कर नाही. बोस्टनच्या ‘लॉयल नाइन’ या छोट्या गटाने हे हेरलं. 14 ऑगस्ट 1765 रोजी वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा मोठ्या एल्म झाडाला टांगला. तेच पुढे ‘लिबर्टी ट्री’ म्हणून ओळखलं गेलं. संध्याकाळी एबेनेझर मॅकिंटॉश या चांभाराच्या पुढारीपणाखाली जमावाने ऑलिव्हरची धक्क्याजवळची नवी इमारत पाडली. दुसऱ्या दिवशी ऑलिव्हरने पद सोडायचं कबूल केलं. हाच कित्ता इतर वसाहतींनी गिरवला. 1 नोव्हेंबर उजाडला तेव्हा कागद विकायला जवळजवळ कुठेच कोणी उरलं नव्हतं; जॉर्जियात तेवढे थोडेफार मुद्रांक पुढे विकले गेले. मग बंदरं अडली. शेवटी ‘मुद्रांक उपलब्ध नाहीत’ असा दाखला जोडून जकात अधिकारीच जहाजांना परवाने द्यायला लागले.

यात बिघडलं तेही सांगायला हवं. 26 ऑगस्टला बोस्टनच्या जमावाने नायब गव्हर्नर थॉमस हचिन्सनचं घर आतून-बाहेरून उद्ध्वस्त केलं. वास्तविक हचिन्सनला स्वतःला हा कर शहाणपणाचा वाटत नव्हता. चिथावणी देणाऱ्यांच्या हातातून जमाव निसटला होता, आणि पैसेवाले पाठीराखे बिचकले. त्यानंतर बोस्टनच्या पुढाऱ्यांनी जमाव आवरण्यावर बरीच मेहनत घेतली. पुढच्या चहाच्या रात्री जी शिस्त दिसते ती इथे ठेच लागल्यामुळे.

पॅट्रिक हेन्रीचं काम याच वर्षातलं, पण वेगळ्या जातीचं. व्हर्जिनियाच्या विधानसभेत तो नवखा होता, वय 29. मे महिन्याच्या अखेरीस बरेच जुने सभासद गावी निघून गेले होते. ती संधी साधून त्याने ठराव मांडले. पाच मंजूर झाले आणि पाचवा दुसऱ्याच दिवशी मागे घेतला गेला. इतर वसाहतींतल्या वर्तमानपत्रांनी मात्र नामंजूर ठरावही मंजूर झाल्यासारखे छापले. त्यात तर विधानसभेखेरीज कोणी लावलेला कर मानायला लोक बांधील नाहीत, असं होतं. व्हर्जिनिया जेवढी बोलली त्याहून जास्त बोलल्याची बातमी पसरली आणि बाकीच्यांना तेवढाच धीर आला. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे 27 प्रतिनिधी जमले. गंमत अशी की खुद्द व्हर्जिनिया त्यात नव्हती, कारण गव्हर्नरने प्रतिनिधी निवडायला सभाच भरू दिली नाही.

ब्रिटनचा युक्तिवाद असा: मँचेस्टर, बर्मिंगहॅम यांचाही संसदेत सभासद नाही, तरी संसद त्यांचं प्रतिनिधित्व करतेच. त्याला मेरीलँडच्या डॅनियल ड्यूलनीने नेमकं उत्तर दिलं. मँचेस्टरवर बसलेला कर तो बसवणाऱ्या सभासदालाही स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. अमेरिकेवर बसलेला कर मात्र त्याचा स्वतःचा भार हलका करतो. हाच ड्यूलनी पुढे क्रांतीच्या बाजूला आला नाही. करविरोध आणि स्वातंत्र्याची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे याच्यावरून ध्यानात ठेवावं.

फ्रँकलिनबद्दल भाबडेपणा नको. तो लंडनमध्ये बसला होता, कायदा लागू होणारच असं धरून चालला होता आणि पेनसिल्व्हेनियाच्या वितरकपदासाठी त्याने स्वतःच्या मित्राची शिफारस केली होती. फिलाडेल्फियात लोक त्याच्या घरावर चालून जायच्या बेतात होते. पण फेब्रुवारी 1766 मध्ये कॉमन्स सभागृहात उलटतपासणीला उभा राहून त्याने बाजी सावरली. मार्चमध्ये कायदा रद्द झाला. त्याला व्यापाऱ्यांच्या बहिष्काराने हैराण झालेले ब्रिटिश निर्यातदारही तितकेच कारण होते. मात्र जाता जाता संसदेने वसाहतींवर ‘सर्व बाबतींत’ कायदे करायचा हक्क आपलाच असल्याचा कायदा संमत करून ठेवला.

फ्रँकलिनच्या साक्षीत एक भोक राहिलं. लोकांचा आक्षेप अंतर्गत करांना आहे, बंदरावरच्या जकातीला नाही, असा तिचा सूर होता. ब्रिटनचा अर्थमंत्री चार्ल्स टाउनशेंड याने 1767 मध्ये त्यातूनच हात घातला: काच, शिसं, कागद, रंग आणि चहा यांवर आयात जकात. चहाला रतलामागे 3 पेन्स. या उत्पन्नातून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायचे होते, आणि खरी मेख तिथे होती. तोवर हे पगार वसाहतींच्या विधानसभा मंजूर करत, त्यामुळे गव्हर्नरांच्या नाड्या त्यांच्या हातात होत्या.

हे भोक जॉन डिकिन्सनने बुजवलं. तो श्रीमंत वकील, पण पेनसिल्व्हेनियातला एक शेतकरी अशा नावाने त्याने 1767-68 मध्ये बारा पत्रं लिहिली आणि ती जवळजवळ सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. त्याचा निकष साधा होता. कर आत लावलाय की बंदरावर हे बघू नका, हेतू बघा. व्यापाराला वळण लावायला जकात असेल तर तो संसदेचा हक्क. तिजोरी भरायला असेल तर तो कर, आणि आपल्या संमतीवाचून कर नाही. माझ्या मते 1776 पूर्वीच्या सगळ्या लिखाणात कामाचं ठरलेलं हे एक वाक्य आहे, कारण ते घेऊन कोणताही गावचा वकील वाद घालू शकत होता. याच डिकिन्सनने 1776 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली नाही, म्हणून तो याद्यांतून गळतो.

बंदरावरची जकात आयातदाराकडून वसूल होते. तेव्हा आता दबाव टाकायचा तो आयातदारावर. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी ऑगस्ट 1768 मध्ये आयातबंदीचा करार केला. व्हर्जिनियात मे 1769 मध्ये गव्हर्नरने विधानसभा बरखास्त केल्यावर सभासद रॅले टॅव्हर्नमध्ये जमले आणि जॉर्ज मेसनने तयार केलेला मसुदा जॉर्ज वॉशिंग्टनने पुढे मांडला. वसाहतींतली ब्रिटिश आयात 1768 मधल्या साडेएकवीस लाख पौंडांच्या आसपासवरून 1769 मध्ये साडेतेरा लाखांच्या आसपास घसरली.

तरी हा बहिष्कार फसला, आणि का फसला हे फार बोलकं आहे. अंमलबजावणी व्यापाऱ्यांच्याच हातात होती. ज्याची वखार मालाने भरलेली त्याला बंदी सोयीची, कारण पडून असलेला माल चढ्या भावाने जातो. ज्याचा माल संपला तो मरतो. जॉन मीन नावाच्या बोस्टनच्या छापखानेवाल्याने 1769 मध्ये जहाजांच्या मालाच्या याद्याच छापायला सुरुवात केली. कोणाच्या नावावर किती माल उतरला ते आकड्यांनिशी बाहेर आलं आणि त्यात खुद्द बहिष्कारवाल्यांची, अगदी हॅनकॉकचीही नावं निघाली. मीनला शहर सोडून पळावं लागलं, पण बाकीच्या बंदरांचा बोस्टनवरचा विश्वास उडाला. 1770 मध्ये संसदेने चहाखेरीज बाकी जकाती उठवल्या. जुलैमध्ये न्यूयॉर्क फुटलं आणि वर्षाअखेर सगळा करार विस्कटला.

हॅनकॉक म्हणजे या चळवळीची थैली. काकाकडून 1764 मध्ये वारशाने आलेली पेढी, जहाजं, घरं. जून 1768 मध्ये त्याचं ‘लिबर्टी’ जहाज जप्त झालं. त्यावर मदिरा वाइनचे 25 पिंप दाखवले होते, आणि रात्रीतून त्याहून बराच जास्त माल उतरवला असा आरोप होता. जप्तीनंतर दंगल झाली, जकात आयुक्त किल्ल्यात पळाले, आणि 1 ऑक्टोबरला बोस्टनमध्ये फौज उतरली. खटल्यात हॅनकॉकचा वकील जॉन ॲडम्स होता. आरोप पुढे मागे घेतले गेले. फौज शहरात राहिली आणि 5 मार्च 1770 ला गोळीबारात पाच माणसं गेली. त्या शिपायांचं वकीलपत्रही जॉन ॲडम्सनेच घेतलं. कॅप्टन सुटला, आठ शिपायांपैकी सहा निर्दोष, दोघांवर सदोष मनुष्यवध. ॲडम्सने बाजू बदलली असं यात काही नाही. बोस्टनमध्ये न्याय मिळतो हे दाखवणं त्याच्या पक्षालाही हवंच होतं.

आता सॅम्युअल ॲडम्स. तो 1756 पासून जवळपास दहा वर्षं बोस्टनचा करवसुली अधिकारी होता, आणि वसुलीत इतका ढिला की हजारो पौंडांची थकबाकी त्याच्या नावावर राहिली. व्यापारात अपयशी, कपडे साधे, पण गावसभेतला प्रत्येक माणूस ओळखीचा. टाउनशेंडच्या जकातींविरुद्ध इतर वसाहतींना पाठवलेलं फेब्रुवारी 1768 चं मॅसॅच्युसेट्सचं परिपत्रक प्रामुख्याने त्याचं. ते मागे घ्या, असा लंडनचा हुकूम आला तेव्हा विधानसभेने 92 विरुद्ध 17 मतांनी नकार दिला. पण त्याचं खरं मोठं काम नोव्हेंबर 1772 चं, जेव्हा आंदोलन थंड पडलं होतं. न्यायाधीशांचे पगार राजाच्या तिजोरीतून येणार म्हटल्यावर त्याने बोस्टनच्या गावसभेकडून 21 जणांची पत्रव्यवहार समिती नेमून घेतली. समितीने हक्कांचा आणि तक्रारींचा मसुदा प्रत्येक गावाला पाठवायचा, गावाने सभा भरवून उत्तर द्यायचं. उत्तर लिहायचं म्हणजे गावात आधी चर्चा व्हायची, लिहिणारा माणूस ठरायचा, आणि पुढच्या वेळी कोणाला निरोप द्यायचा हे पक्कं व्हायचं. काही महिन्यांत शंभराहून जास्त गावं या जाळ्यात आली.

म्हणूनच 1773 चा चहा आला तेव्हा तयारी होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या वखारींत सुमारे 1 कोटी 70 लाख रतल चहा पडून होता. चहा कायद्याने कंपनीला ब्रिटनमधली जकात परत मिळू लागली आणि लिलाव टाळून थेट अमेरिकेतल्या ठरावीक अडत्यांकडे माल पाठवायची मुभा मिळाली. चहा त्यामुळे स्वस्त होणार होता, 3 पेन्स धरूनही. महाग चहामुळे बोस्टन भडकलं, असं लिहिलेलं दिसलं तर ते सरळ खोडावं. चोरट्या डच चहाचे व्यापारी आणि अडत न मिळालेले दुकानदार धास्तावले होते. अडत्यांत हचिन्सनचे दोन मुलगे होते. आणि स्वस्त चहा प्याला की 3 पेन्स भरले जाणार, म्हणजे तत्त्व मान्य झालं.

या कराची जागा म्हणजे माल उतरण्याचा क्षण. जहाजाची जकात नाक्यावर नोंद झाली की वीस दिवसांत जकात भरायची, नाहीतर माल जप्त. आणि जप्त झालेला चहा विकला जाणारच. फिलाडेल्फियाला ‘पॉली’ जहाज नदीतच, नोंदीच्या आधी अडवलं, त्यामुळे ते गुपचूप परत गेलं. चार्ल्सटनला मुदत संपली, चहा जप्त होऊन तळघरात पडला. बोस्टनला ‘डार्टमथ’ 28 नोव्हेंबरला आलं आणि नोंदलं गेलं, म्हणजे 17 डिसेंबरला जप्ती. परत जायचा परवाना आता गव्हर्नर झालेला हचिन्सन देईना. 16 डिसेंबरला ओल्ड साउथ सभागृहात हजारो माणसं जमलेली. जहाजाचा मालक गव्हर्नरकडून नकार घेऊन संध्याकाळी परतला आणि मग एकच वाट उरली.

ग्रिफिन्स वार्फवर ‘डार्टमथ’, ‘एलेनॉर’ आणि ‘बीव्हर’ ही तीन जहाजं होती. शे-दीडशे माणसं मोहॉक या मूळ अमेरिकन जमातीच्या वेषात चढली, तळातल्या पेट्या कप्पीने वर ओढल्या, कुऱ्हाडीने फोडल्या आणि पेटीसकट चहा पाण्यात टाकला. कंपनीच्या हिशेबात 340 पेट्या, काही ठिकाणी 342 सापडतात. वजन 92,000 रतलांच्या वर, किंमत 9,659 पौंड. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग जहाजाला टेकले आणि ते ढकलून पसरवावे लागले. बाकी मालाला हात लावला नाही. कोटाच्या अस्तरात चहा भरणाऱ्या एकाला तिथेच चोप मिळाला. 1765 च्या जमावाशी तुलना केली की मधल्या आठ वर्षांचं काम दिसतं.

संसदेने 1 जून 1774 पासून बोस्टन बंदर बंद केलं. त्यावर सप्टेंबरमध्ये फिलाडेल्फियाला बारा वसाहतींची काँग्रेस जमली आणि तिने 1770 ची चूक दुरुस्त केली. बहिष्कार व्यापाऱ्यांच्या हातातून काढून प्रत्येक परगणा, शहर आणि गावात मतदारांनी निवडलेल्या समितीकडे दिला. आयात 1 डिसेंबर 1774 पासून बंद, निर्यात 10 सप्टेंबर 1775 पासून. मधल्या दोन महिन्यांत पोचलेला माल मालकाने परत पाठवावा, समितीकडे ठेवावा किंवा तिच्यातर्फे विकावा. विक्रीतून मालकाला मूळ खर्च मिळणार आणि नफा बोस्टनच्या गरजूंना. 1 फेब्रुवारीनंतर आलेली पेटी न उघडता परत. टंचाईचा फायदा घेऊन भाव वाढवायचे नाहीत. मेंढ्या वाचवा, लोकर लागेल. सुतकाला पुरुषांनी दंडाला किंवा हॅटला काळी फीत बांधावी एवढंच, अंत्यविधीला हातमोजे वाटायचे नाहीत. मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं आणि त्याच्याशी व्यवहार तोडायचा. ब्रिटिश आयात 1774 मधल्या सुमारे 26 लाख पौंडांवरून 1775 मध्ये 2 लाखांवर आली. वापरावरच बंदी असल्याने घरातल्या बायकांचा होकार लागणारच होता. उत्तर कॅरोलायनात एडन्टनच्या 51 बायकांनी ऑक्टोबर 1774 मध्ये सह्या करून तो जाहीर केला.

इथेही भांडणं झाली. निर्यातबंदीतून तांदूळ वगळा म्हणून दक्षिण कॅरोलायनाचे प्रतिनिधी अडून बसले आणि त्यांनी ते मिळवलं; त्यांच्यातलाच गॅड्सडेन सवलतीच्या विरुद्ध होता. गुलामांची आयातही याच कराराने बंद केली, पण असलेले गुलाम तसेच राहिले. पॅट्रिक हेन्रीने 1773 च्या एका पत्रात कबूल केलं होतं की गुलामगिरी चुकीची आहे आणि तरी गुलामांवाचून राहण्याची गैरसोय आपल्याला नको. त्याचं ‘स्वातंत्र्य द्या नाहीतर मरण द्या’ हे मार्च 1775 चं भाषण उद्धृत करताना जपून: आज मिळणारा मजकूर ऐकणाऱ्यांच्या आठवणींवरून चरित्रकाराने 1817 मध्ये जुळवलेला आहे.

राहिला हिंदुस्थानचा प्रश्न. तो चहा चीनचा, बहुतेक ‘बोही’ जातीचा; आसामचे मळे तेव्हा नव्हतेच. पण कंपनीचं दिवाळं निघायला आलं त्यात बंगालचा हात मोठा होता. 12 ऑगस्ट 1765 ला कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली, बोस्टनला ऑलिव्हरचा पुतळा टांगला त्याच्या दोन दिवस आधी. दिवाणीच्या आशेने भागधारकांनी लाभांश वाढवून घेतला, लष्कराचा खर्च फुगला, 1770 चा दुष्काळ पडला, आणि 1773 मध्ये कंपनीला सरकारकडे 14 लाख पौंडांचं कर्ज मागावं लागलं. त्या एका अडचणीतून संसदेने दोन कायदे काढले: मे महिन्यात चहाचा आणि जूनमध्ये रेग्युलेटिंग ॲक्ट. पहिला बोस्टनला पोचला. दुसऱ्याने मुंबईकर इंग्रजांना युद्ध आणि तह यांच्या बाबतीत कलकत्त्याच्या हाताखाली घातलं. नारायणरावाच्या खुनानंतर राघोबादादांशी मार्च 1775 मध्ये सुरतेचा तह मुंबईकरांनी कलकत्त्याला न विचारता केला, आणि कलकत्त्याने तो नाकारून पुढच्या वर्षी पुरंदरचा तह केला, तो याच कायद्याच्या जोरावर.